जुनी नगरचित्रे आणि त्यांची चौकट

जुन्या शहरांच्या कोरीव चित्रांच्या प्रतिकृती मढवून भिंतीवर लावण्याची हौस अलीकडे आपल्याकडे बरीच वाढली आहे. महाविद्यालयांची सभागृहे, ग्रंथालये, वकिलांच्या कचेऱ्या, हॉटेलांचे दर्शनी कक्ष, कोठेही पाहावे तर जुने गोवे, जुनी मुंबई किंवा जुने पुणे काळ्या पट्टीच्या तसबिरीत टांगलेले असते. पाहणारा क्षणभर थांबतो, ‘किती सुंदर होते हे शहर’ असे म्हणतो आणि पुढे जातो. या ‘सुंदर’ शब्दाचा विचार इतिहासाच्या विद्यार्थ्याने केला पाहिजे, असे मला वाटते. कारण चित्र काढणे ही जशी निवड असते, तशीच ते मढवणे हीसुद्धा निवड असते. चित्रकार काय दाखवायचे ते ठरवतो. चौकट करणारा त्यातले किती ठेवायचे ते ठरवतो. या दोन निवडींमध्ये आपला समाज कोठे आहे, हा या लेखाचा विषय आहे.

मी सातपुड्याच्या पायथ्याशी, जळगाव जामोद येथे महाविद्यालयात इतिहास शिकवतो. माझ्या घराण्यात पदवीपर्यंत पोहोचलेला मी पहिलाच. आमच्या घरात पुस्तके नव्हती, पण तसबिरी होत्या. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धम्मदीक्षा झाली आणि त्यानंतर वऱ्हाडातील घराघरांतून जुने देव उतरले. त्यांच्या जागी तथागत आणि बाबासाहेब आले. एका खिळ्यावरची तसबीर बदलणे म्हणजे काय असते, हे आमच्या आजी-आजोबांच्या पिढीने कोणतेही कलाशास्त्र न वाचता जाणले होते. ती सजावट नव्हती, ते जाहीर निवेदन होते. म्हणूनच भिंतीवर काय लागते आणि कसे लागते हा प्रश्न आपल्यासाठी किरकोळ नाही.

प्रथम या चित्रांचे मूळ पाहू. युरोपात छापील पुस्तकांबरोबरच शहरांची चित्रे छापली जाऊ लागली. १४९३ साली न्यूरेंबर्ग येथे छापलेल्या प्रसिद्ध इतिवृत्तात लाकडी ठशांची शेकडो चित्रे आहेत, परंतु त्यातील एकच ठसा वेगवेगळ्या नावांखाली अनेकदा वापरलेला दिसतो. जर्मनीतील मेन्झ शहराचे म्हणून जे चित्र आहे, तेच इटलीतील नेपल्सचेही आहे. त्या काळच्या वाचकाला शहराचे रूप नको होते, शहर असल्याची खूण हवी होती. तट, बुरूज, मनोरे दिसले की पुरे. पुढे तांब्याच्या पत्र्यावर कोरून चित्र छापण्याची पद्धत रुळली. पत्र्यावर पोलादी टोकाने उलटी रेघ कोरायची, खाचांत शाई भरायची, पत्रा पुसून घ्यायचा आणि ओलसर कागद वर ठेवून दाबयंत्राखाली घालायचा. पत्र्याच्या कडांचा जो दाब कागदावर उमटतो, तो मूळ छाप ओळखण्याची एक खूण ठरतो. आज बाजारात मिळणाऱ्या प्रतिकृती यंत्रावर छापलेल्या असतात. भिंगातून पाहिले तर रेघांऐवजी बारीक ठिपके दिसतात.

कलोन येथे १५७२ पासून १६१७ पर्यंत गेओर्ग ब्राउन आणि फ्रान्स होगनबर्ग यांचा नगरचित्रांचा सहा खंडांचा ग्रंथ निघाला. त्यात पाचशेहून अधिक चित्रे आहेत. युरोपातील शहरे मुख्य. पण पहिल्या खंडात कालिकत, कन्नूर, दीव आणि गोवा हीही आहेत. ही सारी बंदरे. जेथे युरोपचे जहाज लागत होते तेवढाच हिंदुस्थान या ग्रंथात आहे. जळगाव जामोदसारख्या गावाला त्यात जागा असण्याचे कारणच नव्हते. या चित्रांच्या पुढच्या भागात त्या त्या देशाच्या पोशाखातील माणसे उभी केलेली असतात. ब्राउनने प्रस्तावनेत त्याचे एक कारण असे दिले आहे की, तुर्कांच्या धर्मात मनुष्याकृती निषिद्ध असल्यामुळे अशी चित्रे युद्धाच्या कामी त्यांना वापरता येणार नाहीत. कारण खरे असो वा नसो, ते बोलके आहे. शहराचे चित्र हे सत्तेच्या उपयोगाचे साधन आहे, हे चित्र छापणाऱ्यालाच ठाऊक होते. आणि चित्रातील माणसे तेथे राहतात म्हणून नव्हे, काही हेतूने उभी केलेली असतात, हेही त्यावरून कळते.

आता आपल्या जवळचे उदाहरण घेऊ. यान हाउखेन व्हान लिन्सखोटेन हा डच तरुण गोव्याच्या आर्चबिशपच्या पदरी लेखनिक म्हणून १५८३ साली गोव्यात आला आणि सुमारे पाच वर्षे राहिला. त्याचा ग्रंथ १५९६ साली अ‍ॅमस्टरडॅम येथे प्रसिद्ध झाला. त्यात गोवा शहराचे मोठे घडीचे चित्र आहे आणि बाजाराच्या रस्त्याचे दुसरे चित्र आहे. शहराच्या चित्रात मांडवी नदी, चर्च, मठ, गल्ल्या, धक्के हे सारे वरून पाहिल्यासारखे मांडलेले आहे. भिंतीवर लावण्यासाठी लोक बहुधा हेच निवडतात. परंतु बाजाराचे चित्र अधिक लक्षपूर्वक पाहिले पाहिजे. त्यात प्रतिष्ठित पोर्तुगीज आहेत, त्यांच्यावर छत्र्या धरणारे नोकर आहेत आणि लिलावाची गर्दी आहे. लिन्सखोटेन लिहितो की रविवार आणि सणाचे दिवस सोडले तर रोज सकाळी सात ते नऊ हा लिलाव भरे, आणि तेथे घोडे, जडजवाहीर यांच्याबरोबर गुलाम स्त्री-पुरुषही गुरांसारखे विकले जात.

हे चित्र मढवून लावले आणि खाली फक्त ‘जुने गोवे, बाजार’ एवढेच लिहिले, तर त्या विकल्या जाणाऱ्या माणसांचे काय झाले? ती चित्रात आहेत, पण पाहणाऱ्याच्या डोळ्यांत नाहीत. ग्रंथातून पान सुटे झाले की वर्णन मागे राहते आणि चित्र एकटे भिंतीवर येते. चौकटीमुळे होणारे पहिले नुकसान हे असे आहे. लिन्सखोटेनला आपण मित्र मानण्याचे कारण नाही. त्याच्या माहितीचा उपयोग डच व्यापाऱ्यांना पूर्वेकडे येण्यासाठी झाला. पण त्याने जे लिहिले त्यातून आपले काम होते, म्हणून चित्र आणि मजकूर यांची फारकत आपण होऊ देता कामा नये.

गोव्याहून पुण्याकडे येऊ. पेशव्यांच्या दरबारी इंग्रजांचा वकील म्हणून चार्ल्स मॅलेट १७८६ पासून राहत होता. जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार १७९१ साली मुंबईस आला आणि पुढे पुण्यास गेला. सवाई माधवराव आणि नाना फडणीस यांची चित्रे त्याने काढली. मुंबई बेटाची त्याची बारा दृश्ये त्याच्या मृत्यूनंतर, १८०० साली, लंडनला छापून निघाली. पुण्यात शनिवारवाड्यावर चित्रकलेची एक शाळाही या काळात चालली. तिच्याशी आणि मॅलेटशी संबंध असलेला एक मराठी चित्रकार होता, गंगाराम तांबट. पेशव्यांच्या शिकारखान्यातील गेंड्यापासून वेरूळच्या लेण्यांपर्यंत त्याने बरेच काही रेखाटले. तांबट म्हणजे तांब्याचे काम करणारी जात. ज्या धातूच्या पत्र्यावर लंडनमध्ये हिंदुस्थानची दृश्ये कोरली जात होती, त्याच धातूवर पिढ्यान्‌पिढ्या हात चालवणाऱ्या जातीतला हा माणूस होता.  कारागीर जातीच्या बुद्धीचा इतिहास लिहायचा झाला तर त्याची सुरुवात अशा नावांपासून करता येईल.

परंतु पुण्याच्या चित्रांविषयी मला मुख्य जे म्हणायचे आहे ते प्रकाशाविषयी आहे. इमारतींचे दृश्य काढणारा चित्रकार भर दुपारचा उजेड सहसा टाळतो. माथ्यावरचे ऊन भिंती सपाट करते. सकाळचे किंवा कलत्या दुपारचे तिरपे ऊन असले म्हणजे सावल्या लांब पडतात, कमानी खोल दिसतात, वाड्यांना उठाव येतो. कोरीव चित्रात तर सावली म्हणजे जवळजवळ ओढलेल्या रेघांचे काम. कोरणाऱ्याचे सगळे कौशल्य सावलीतच दिसते. याच्या शेजारी एक नोंद ठेवून पाहू. ग. स. घुर्ये यांनी १९३२ सालच्या आपल्या जातिविषयक ग्रंथात लिहिले आहे की, पेशवाईत महार-मांगांना दुपारी तीननंतर आणि सकाळी नऊपूर्वी पुण्याच्या वेशीच्या आत येण्यास मनाई होती, कारण त्या वेळी शरीराची सावली लांब पडते आणि ती वरच्या जातीच्या माणसावर पडून त्याला विटाळ होईल. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ साली ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये पुण्याच्या अस्पृश्यांच्या कमरेचा झाडू आणि गळ्यातले मडके यांची नोंद केली, तीही याच शहराची.

या दोन गोष्टी एकत्र ठेवल्या म्हणजे काय दिसते? शहर ज्या घटकांत चित्रकाराला सर्वांत देखणे वाटते, नेमक्या त्याच घटकांत आमच्या माणसाला त्या शहरात पाऊल टाकायला बंदी होती. वाड्याची सावली लांब पडली तर ते सौंदर्य; महाराची सावली लांब पडली तर तो अपराध. तिरप्या उन्हातल्या पेशवाईच्या शहराच्या चित्रात आपण आपल्या पूर्वजांना शोधू लागलो, तर ते तेथे नसण्याला चित्रकाराचा विसराळूपणा कारण नाही. वेशीवर त्यांना अडवले होते. म्हणजे चित्रातील रिकामी जागा हाही पुरावा आहे; फक्त तो वाचायला शिकले पाहिजे.

आणखी एक गोष्ट. नगरचित्र बहुधा शहराच्या बाहेरून काढले जाते, नदीपलीकडून, टेकडीवरून, वेशीबाहेरच्या मोकळ्या जागेवरून. आपल्या गावांच्या रचनेत वेशीबाहेरची जागा कोणाची, हे या नियतकालिकाच्या वाचकाला सांगण्याची गरज नाही. चित्रकार गावकुसाबाहेर उभा राहतो, पण त्याची नजर गावकुसाच्या आत असते. तो जेथे उभा आहे ती जमीन चित्रात येत नाही. आलीच तर पुढच्या कडेला एखादे झाड, एखादी गाय, भार वाहणारी दोन माणसे एवढीच येते.

ज्यांनी चित्र काढले नाही, पण आतून-बाहेरून शहर पाहिले, त्यांची साक्ष आपल्याकडे आहे. महात्मा फुले यांच्या पुण्यातील शाळेत शिकणाऱ्या मुक्ता या चौदा वर्षांच्या मांग समाजातील मुलीचा निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये प्रसिद्ध झाला. आपल्या लोकांना जागेवरून हाकून त्यावर मोठाल्या इमारती उठल्या आणि त्या इमारतींच्या पायात आपल्याच माणसांना तेल-शेंदूर पाजून पुरले जाई, असे ती लिहिते. तालीमखान्यापुढून मांग-महार गेला तर गुलटेकडीच्या मैदानात त्याच्या शिराचा चेंडू करून खेळ चाले, हेही ती सांगते. चौदा वर्षांच्या मुलीने शहराचे असे दृश्य रेखाटले की त्यात पाया दिसतो आणि मैदानही दिसते. दर्शनी भिंत रंगवणाऱ्यांना या दोन्ही गोष्टी दिसल्या नव्हत्या. माझ्या मते मराठीतील पहिले खरे नगरचित्र म्हणून या निबंधाचा विचार झाला पाहिजे.

नावांविषयीही बोलले पाहिजे. वेल्सने काढलेल्या वेरूळच्या रेखाटनांवरून टॉमस डॅनियल याने १८०३ साली लंडनला चोवीस दृश्यांचा संच काढला. त्याच्या शीर्षकात या सर्व लेण्यांना ‘हिंदू’ म्हटलेले आहे. बौद्ध, ब्राह्मणी आणि जैन ही तीनही लेणी तेथे आहेत, आणि १ ते १२ क्रमांकांची लेणी बौद्ध आहेत, हे आज शाळेतला मुलगाही सांगेल. शीर्षकपानावर वेल्स आहे, डॅनियल आहे. वेरूळ रेखाटणारा गंगाराम नाही. पण याहून लक्षणीय गोष्ट वेगळीच आहे. मॅलेटने लिहिलेले वेरूळचे वर्णन ‘एशियाटिक रिसर्चेस’च्या सहाव्या खंडात छापले गेले. दक्षिण टोकाकडील बौद्ध लेण्याला लोक ‘ढेडवाडा’ म्हणतात असे त्यात नोंदलेले असून त्याचा अर्थ हलालखोरांची वस्ती असा दिला आहे. पाच क्रमांकाचे लेणे ‘महारवाडा’ या नावानेही ओळखले जात होते. सुमारे ११७ फूट खोल असलेले ते विहारलेणे. मधोमध दोन लांब दगडी बाक आहेत, भिक्षूंना समोरासमोर बसता यावे असे.

या नावावरून आपले पूर्वज याच लेण्यात राहत होते असा निष्कर्ष मी काढत नाही. तसा निष्कर्ष काढण्यास हे नाव पुरेसे नाही. पण ज्यांनी हे नाव ठेवले त्यांच्या मनात काय होते, ते या नावावरून निश्चित कळते. बुद्धाचे लेणे आणि गावाबाहेरची वस्ती यांना त्यांनी एकाच तिरस्काराच्या मापाने मोजले होते. १९५६ नंतर त्या लेण्यापुढे उभ्या राहणाऱ्या आपल्या माणसाला हे नाव शिवीसारखे वाटण्याचे कारण नाही. ती शत्रूने लिहून ठेवलेली नोंद आहे. म्हणून अशा चित्राखालची जुनी नावे झाकू नयेत. त्यांच्या शेजारी आपले भाष्य लिहावे.

येथे कोणी विचारील की, असे असेल तर ही चित्रे लावायचीच कशाला? मला हा मार्ग मान्य नाही. ती आपण नाकारली तर ती नाहीशी होत नाहीत. दुसऱ्याच्या भिंतीवर दुसऱ्याच्या अर्थाने लागतात. दुसरा आक्षेप असा घेतला जातो की, कलेत जात आणू नये, सौंदर्याला जात नसते. सौंदर्याला जात नसेलही; पण वेशीला होती, रस्त्याला होती आणि दिवसाच्या प्रहरांनाही होती. चित्र त्याच वेशीचे आणि त्याच रस्त्याचे आहे. तेव्हा ही चित्रे जरूर लावावीत, परंतु आपल्या पद्धतीने मढवावीत. ती पद्धत कशी असावी याविषयी काही व्यवहारातल्या सूचना करतो, कारण आपल्या वाचनालयांना आणि विहारांना त्यांचा उपयोग व्हावा.

मूळ छापाच्या मागे लागू नये. मूळ छाप महाग असतात, आणि पुष्कळदा जुने ग्रंथ फोडून पाने सुटी विकली जातात. चांगल्या प्रतिकृतीत पाहण्यासारखे सर्व काही असते. एकच प्रतिकृती दहा तालुक्यांत लावता येते. आपली चळवळ पत्रके, पुस्तिका आणि स्वस्त छापील चित्रे यांवर वाढली. दुर्मिळतेची पूजा हा आपला संस्कार नाही. मात्र ती प्रतिकृती आहे हे खाली स्पष्ट लिहावे.

फ्रेमवाल्याकडे चित्र नेले की तो तयार मापाच्या पट्टीत बसावे म्हणून कडा कापतो. हे होऊ देऊ नये. चित्राच्या खालच्या पट्ट्यात डावीकडे बहुधा काढणाऱ्याचे नाव असते, उजवीकडे कोरणाऱ्याचे, मध्ये शीर्षक, आणि कधी क्रमांक देऊन ठिकाणांची यादी. हा पट्टा कापला की श्रम करणाऱ्याचे नाव आणि चित्राची तारीख दोन्ही जातात. पुढच्या कडेची भार वाहणारी माणसेही याच कापाकापीत जातात. म्हणून माउंटची खिडकी छापाच्या कडेपासून अर्धा इंच तरी बाहेर ठेवून कापावी, पूर्ण कागद दिसू द्यावा.

माउंटचा पुठ्ठा आम्लरहित घ्यावा. साध्या पुठ्ठ्याने काही वर्षांत कागदाच्या कडा पिवळ्या-तपकिरी पडतात. चित्र पुठ्ठ्यावर सपाट चिकटवू नये. वरच्या कडेला पातळ कागदाच्या दोन पट्ट्या लावून गव्हाच्या सत्त्वाच्या खळीने टांगावे, म्हणजे उन्हाळ्या-पावसाळ्यात कागदाला आकसायला आणि पसरायला वाव राहतो. चिकटपट्टी मुळीच वापरू नये; तिचे डाग जात नाहीत. काच कागदाला टेकता कामा नये, नाहीतर दमटपणाने कागद काचेला धरतो. मागचा भाग कागदी पट्टीने बंद करावा म्हणजे धूळ आणि कसर आत शिरत नाही. आमच्या वऱ्हाडात मे महिन्याचे ऊन आणि त्यानंतरची ओल दोन्ही कडक. तेव्हा खिडकीसमोरची आणि पावसाने भिजणारी भिंत टाळावी, आणि तसबिरीच्या खालच्या कोपऱ्यांना मागून बुचाचे तुकडे लावावेत, म्हणजे वारा खेळतो.

सर्वांत महत्त्वाची सूचना तसबिरीखालच्या चिठ्ठीची आहे. तीत चार प्रश्नांची उत्तरे असावीत: हे चित्र कोणी आणि केव्हा काढले, कोठे उभे राहून काढले, कोणासाठी काढले, आणि यात कोण दिसत नाही. गोव्याच्या बाजाराखाली लिलावाची हकिकत मराठीत लिहावी. पुण्याच्या दृश्याशेजारी तेवढ्याच मापाच्या दुसऱ्या तसबिरीत मुक्ताचा निबंध मोठ्या अक्षरांत छापून, तशीच पट्टी, तसाच माउंट देऊन लावावा. वेरूळच्या दृश्याखाली ‘महारवाडा’ हे नाव लिहावे आणि गंगाराम तांबट हेही लिहावे.

मी वर्गात विद्यार्थ्यांना एक काम देत असतो. आपल्या गावाचे चित्र आपण रोज जेथून गावात शिरतो तेथून काढा, असे मी सांगतो. जामोदकडून येणारी, सातपुड्यातील पाड्यांवरून येणारी, गावाच्या टोकाच्या वस्तीतून येणारी मुले एकाच बाजारपेठेची निरनिराळी चित्रे काढतात. कोणाच्या चित्रात देऊळ मोठे, कोणाच्या चित्रात पाण्याची टाकी मोठी, कोणाच्या चित्रात निळ्या झेंड्याचा चौक मध्यभागी. ती चित्रे कलेच्या दृष्टीने साधारण असतात, पण नगरचित्र म्हणजे उभे राहण्याच्या जागेचा प्रश्न आहे, हे त्या तासानंतर मला समजावून सांगावे लागत नाही.

२० मार्च १९२७ रोजी महाडच्या रस्त्यांवरून हजारो माणसे चवदार तळ्याकडे निघाली, तेव्हा त्या शहराचे दृश्य बदलले. २००१ साली दीक्षाभूमीवरील स्तूपाचे उद्घाटन झाले आणि आज त्याचे चित्र खेड्यातल्या दोन खोल्यांच्या घरातही मढवलेले दिसते. ते आपल्या समाजाने स्वतः निवडलेले नगरचित्र आहे. त्यातल्या शहरात शिरताना दिवसाचा प्रहर विचारला जात नाही. जुन्या चित्रांना त्याच भिंतीवर, त्याच्या शेजारी जागा द्यावी. जिल्ह्याजिल्ह्यातील आपल्या वाचनालयांनी या वर्षी दोन-तीन प्रतिकृती तरी मिळवाव्यात, त्यांच्या कडा न कापता त्या मढवाव्यात, आणि खालची चिठ्ठी त्या त्या गावच्या विद्यार्थ्यांकडून लिहून घ्यावी.